तळ्याचा घास

मंगळावरच्या छताखालच्या त्या दरीत एक रीत होती. रविवारी जेवायला बसण्याआधी प्रत्येक घरानं तळ्यात मूठभर काळ्या दगडाची पूड टाकायची. तळ्याला घास. पाण्यातल्या जीवाणूंना क्षार मिळावेत म्हणून तळं सांभाळणाऱ्या दत्ताराम परबांनी ती बारा वर्षांपूर्वी सुरू केली होती. आता चांगल्या रीतीला कारण विचारायचं कुणाला सुचतं?

सुचलं ते जीवाणूतज्ज्ञ डॉ. सुमेधा केळशीकरला. तिला तिसरा महिना होता आणि आपलं मूल श्वासाच्या मुखवट्याशिवाय तळ्याकाठी खेळेल, या एकाच हट्टानं तिला पछाडलं होतं.

"परबकाका, हिरवे जीवाणू प्राणवायू सोडतात, पण या पुडीत लोखंड आहे. ते सगळा प्राणवायू गिळतं नि गंजतं. पृथ्वीवरही हेच झालं. समुद्रातलं लोखंड गंजून संपलं, तेव्हा कुठे प्राणवायू हवेत आला."

"आणि मग?"

"मग काय, आपण आलो."

काकांनी मान डोलावली. घास बंद झाला. चार महिन्यांत हवेत प्राणवायू दिसू लागला. लोकांनी पेढे वाटले, साखर कुठून आणली देव जाणे.

त्याच आठवड्यात काकांनी तिला काठावर बोलावलं. पाण्याच्या कडेला बर्फाची साय धरली होती.

"डॉक्टर, तुम्ही मधलं काहीतरी गाळलंत."

तिनं सायीला बोट लावून पाहिलं. "हो. मधे बर्फ होता. पृथ्वीला तेव्हा मिथेन ऊब देत होता. प्राणवायूनं तो संपवला आणि सगळी पृथ्वी गोठली. इथंही चिखलातल्या जुन्या जीवाणूंचा मिथेनच ऊब धरून ठेवतो. मला हे पाठ होतं, काका. बाळाच्या नादात मी तिकडे बघितलंच नाही."

"पृथ्वी वितळली ना पुन्हा?"

"ज्वालामुखींच्या जोरावर, कोट्यवधी वर्षांनी. आपलं तळं गोठलं तर एकशेदहा माणसांना महिनाभरही पाणी पुरायचं नाही. तुमची पूड प्राणवायू गिळायची म्हणून मिथेन टिकला. तुमच्या चुकीवरच आपण जगत होतो."

रविवारी ती सगळ्यांच्या आधी पुडीची बादली घेऊन आली. पाण्यावर हात धरून बराच वेळ उभी राहिली.

"मला हे करवत नाही," ती म्हणाली, आणि तिनं बादली तळ्यात उपडी केली.

बाळाच्या इवल्याशा डोक्याला बसेल असा मुखवटा भांडारात नव्हता. काकांनी जुना एक काढून मांडीवर घेतला.

"पट्टा केवढा कापू?"

तिनं दोन्ही तळहात समोरासमोर धरून दाखवलं.

"एवढा."