उडत्या घमेल्याचे दोन कौल

प्राध्यापक दत्तप्रसाद हुद्दार एखाद्या पुस्तकाचे वाभाडे काढायला निघाले की त्यांची तब्येत एकदम सुधारत असे. त्या दिवशी सांगलीच्या वाचनालयाच्या बैठकीच्या खोलीत ते आले तेच मुळी बाह्या सरसावत, आणि खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी 'उडतं घमेलं' टेबलावर आपटलं. समोर त्या पुस्तकाच्या लेखिका केतकी माळवदे बसल्या होत्या. त्यांनी आपला चहाचा कप शांतपणे जरा बाजूला घेतला.

भांडण जुन्याच वळणाचं होतं. नवीन होती ती मनगटावरची पट्टी.

पूर्वी बालसाहित्याचं पारितोषिक मोठी माणसं आपसांत भांडून ठरवत. आता मुलांचा कौल घेत, आणि तोही दोन प्रकारचा. मुलानं पुस्तक वाचून जे सांगितलं तो मुखकौल. वाचताना मनगटावरच्या पट्टीनं जे टिपलं तो देहकौल. पट्टीला नाडी कळे, घाम कळे, श्वास कुठे अडखळला ते कळे. पुस्तक पडद्यावर वाचलं जाई आणि डोळा कुठल्या ओळीवर आहे हे पडद्याला समजे. मग कुठल्या वाक्याला हसू आलं, कुठे कंटाळा आला, कुठे धडकी भरली, हे सगळं एका रेघेत उमटत असे. ही पट्टी बनवणारा इरफान मुजावर प्रत्येक बैठकीत बजावून सांगे, "पट्टीला मन कळत नाही, फक्त अंग कळतं." त्याचं ऐकायला कुणाला सवड नसे.

'उडतं घमेलं' ही अनाथाश्रमातून पळालेल्या भावंडांची गोष्ट. गवंड्याचं एक घमेलं त्यांना सापडतं, ते उडतं, आणि पोरं त्यात बसून कावळेराक्षसाच्या गुहेपर्यंत जातात. या घमेल्यानं राज्यभर भांडणं लावली होती. लातूरच्या एका मुलीनं ते पुस्तक पाठ केलं होतं. नाशिकच्या एका मुलानं 'शेवट फसवा आहे, पैसे परत करा' असं कळवलं होतं. पालक म्हणत होते की पोरं आता जेवणाच्या ताटावरून उठून पळून जायच्या धमक्या देतात. आणि एका मुख्याध्यापकांनी घमेल्याला इंधन कोणतं, असा खुलासा मागवला होता.

हुद्दारांचं मत साऱ्यांना ठाऊक होतं. परीक्षकांनाही पट्टी बांधावी लागे, आणि बहुतेकांची त्यात फजिती होई. तोंडानं थोर म्हटलेल्या पुस्तकावर त्यांची रेघ घोरत पडलेली दिसे. हुद्दारांचं तसं नव्हतं. पुस्तक त्यांना तोंडानं आवडलं नव्हतं आणि अंगानंही आवडलं नव्हतं. दोन्ही कौल तंतोतंत जुळलेला परीक्षक इरफाननं तेवढा एकच पाहिला होता.

"केतकीबाई," सरांनी सुरुवात केली, "तुमची भाषा पाचकळ आहे, विनोद ओढूनताणून आणलेले आहेत, आणि घमेलं संकटात आपोआप उडतं ही शुद्ध लबाडी आहे. पण ते जाऊ द्या. आज माझ्याकडे याहून भारी पुरावा आहे."

"तुमच्याकडे नेहमीच असतो, सर," केतकीबाई म्हणाल्या. "बोला."

"तुम्ही अनाथ मुलांवर लिहिलंत. अनाथ मुलांना वाचायला दिलंत का कधी? आम्ही दिलं. या वासंतीताई गुळवणी, माळावरच्या बालसदनाच्या अधीक्षिका. यांच्या मुलांचा देहकौल पाहिलात? राज्यातली सगळी मुलं या पुस्तकाला हसतात, आणि ही लेकरं घाबरतात. ज्यांच्यासाठी गळा काढलात त्यांनाच धडकी भरवलीत. शरम वाटायला हवी."

वासंतीताई सोज्वळ चेहऱ्याच्या, पदर खांद्यावरून नीट घेतलेल्या बाई होत्या. त्या हळहळून म्हणाल्या, "मुलं बिचारी तोंडानं 'खूप छान' म्हणाली हो. सगळीच्या सगळी. आमच्या मुलांना नावं ठेवायची सवयच नाही."

केतकीबाईंचा चेहरा उतरला. इतका वेळ त्या सरांना पुरून उरत होत्या, पण हा घाव वर्मी बसला. "मी घाबरवायला नाही लिहिलं," एवढंच त्या म्हणाल्या.

हुद्दारांना ते पाहून बरं वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं? प्रतिपक्ष खिंडीत सापडला की सोडून देणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांना आता राक्षसाची गुहा भिंतीवर हवी होती, आणि लेखिकेच्या तोंडून कबुली हवी होती.

"इरफान, बालसदनाच्या मुलांची रेघ पानागणिक उघड. गुहेचं प्रकरण लाव."

भिंतीवर गुहा आली. कावळेराक्षस सात चोचींनी हाडं फोडत होता, आणि त्याखालची रेघ निवांत पडली होती. मुलं घाबरली तर नव्हतीच, बहुधा जांभया देत होती.

"चुकीचं प्रकरण लावलंस."

"नाही सर, हेच आहे."

"मग भीती कुठे आहे?"

इरफाननं पानं मागे नेली. घमेलं पहिल्यांदा उडालं ते गेलं, पळून जाण्याची रात्र गेली. रेघ सरळच होती. मग एका पानावर ती एकदम चढली आणि पानभर वरच राहिली. हुद्दारांनी चष्मा सारखा केला. ते पान त्यांना चांगलं माहीत होतं. त्याच पानावर त्यांनी 'पाचकळपणाचा कळस' असा शेरा मारला होता.

पानावर आश्रमात एक ढेरपोटे पाहुणे जिलब्यांचे खोके घेऊन येतात. मुलं रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणतात, आणि पाहुण्यांचा फेटा पंख्यात अडकतो. बस्स, एवढंच. राज्यातली बाकीची सगळी मुलं इथेच पोट धरून हसली होती.

"फेट्याला घाबरली?" केतकीबाईंना काही समजेना.

"फेटा यायच्या आधीच रेघ चढली आहे," इरफान म्हणाला. त्यानं बोटानं ओळ मोठी केली. वाक्य छोटंसं होतं. *हसा रे, पाहुणे आलेत.*

"हे तर आमचे बाबा फोटो काढताना म्हणायचे," केतकीबाई म्हणाल्या. "मी गंमत म्हणून घेतलं."

वासंतीताईही हसल्या. "अहो, आमच्याकडे तर रोजचंच वाक्य आहे ते! कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचं वर्षश्राद्ध असतं, माणसं गोडाचं जेवण घेऊन येतात. मुलं तोंड पाडून बसली तर पुन्हा कोण येईल? तेवढी शिस्त लावावीच लागते."

हुद्दार पुस्तकाचा वाचक म्हणून कितीही दुष्ट असले, तरी वाचक होते. वाक्यातली न सांगितलेली गोष्ट शोधायची त्यांना आयुष्यभराची खोड होती.

"आणि एखादं मूल नाही हसलं तर?" त्यांनी विचारलं.

"समज देतो."

"म्हणजे काय करता?"

"समज देतो म्हणजे समज देतो, सर," वासंतीताईंचा आवाज तसाच गोड होता. "पुस्तकाचं चाललंय ना आपलं? मुलांची काळजी तुम्ही करू नका. कुठली कुठली मुलं घाबरली त्यांची नावं द्या मला. घरी गेल्यावर मी बोलते त्यांच्याशी."

इरफाननं पडदा बंद केला. हुद्दारांना आता उमगलं. एवढा वेळ आपण एका पुस्तकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून ओरडत होतो, आणि ती रेघ पुस्तकाबद्दल बोलतच नव्हती. लेखिका पुस्तकाचं रक्षण करत होती, आपण पुस्तकावर तुटून पडत होतो. पुस्तकाच्या पलीकडे काही असू शकतं हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची चीड आली.

"नावं मिळणार नाहीत," ते म्हणाले.

"माझी मुलं आहेत ती."

"पट्टीत नावं नसतातच, ताई," इरफान पटकन म्हणाला. तो धडधडीत खोटं बोलत होता, हे हुद्दारांना त्याच्या कानांच्या पाळ्यांवरून कळलं.

"हरकत नाही. मला माहीत आहेत कुठली असतील ती," वासंतीताई उठल्या. "वाचनालयाच्या समारंभासाठी मुलांना आणलंच आहे मी. तो आटोपला की गाडी निघेल आमची."

त्या शाल-श्रीफळाची तयारी बघायला सभागृहात गेल्या. केतकीबाई आधीच फोनवर होत्या. बालकल्याण समितीतल्या एक बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. बराच वेळ बोलून त्यांनी फोन ठेवला.

"त्या यायला तयार आहेत. पण म्हणतात, रेघ दाखवून मुलांना परत जाण्यापासून थांबवता येणार नाही. पुस्तक वाचताना घाबरणं हा काही पुरावा नव्हे. एखादं मूल स्वतःच्या तोंडानं काही बोललं, तर आजच थांबवता येईल."

"ती बोलणार नाहीत," इरफान म्हणाला. "त्यांचा मुखकौल काढून बघा. सगळ्यांचे शब्दसुद्धा तेच आहेत."

"मी जाऊन बोलू त्यांच्याशी?" केतकीबाईंनी विचारलं.

"तुम्ही नको," हुद्दार म्हणाले. "तुम्ही लेखिका. तुम्हाला बघून तर ती आणखीच छान म्हणतील."

मुलं मागच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसली होती. हुद्दार दारात दिसले मात्र, सगळी उठून रांगेत उभी राहिली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हसू आलं. आयुष्यात इतकी हसरी मुलं त्यांनी एकदम पाहिली नव्हती. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

"बसा," ते म्हणाले. मुलं बसली, हसू तसंच राहिलं. सर गुडघे धरत कसेबसे त्यांच्यासमोर टेकले. मुलांशी गोड बोलायची कला त्यांना कधीच साधली नव्हती.

"पुस्तक कसं वाटलं?"

"खूप छान!" सगळी एका सुरात म्हणाली.

"हो का? मला नाही आवडलं." सरांनी खाकरून घसा साफ केला. "अजिबात नाही आवडलं. तो राक्षस तर निव्वळ टाकाऊ आहे. सात चोची आहेत आणि एकीनंही धड चावता येत नाही."

रांगेतल्या एका मुलाच्या तोंडून हुंकार निघाला, आणि त्यानं लगेच तो गिळला.

"आणि घमेलं! पोरं अडकली की उडतं, नाहीतर गप्प बसतं. असं कुठे असतं? मी परीक्षक असतो तर बक्षीस दिलं नसतं. म्हणजे, मी परीक्षकच आहे. नाहीच देणार."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकेका चेहऱ्यावरचं हसू निसटलं. हसू गेल्यावर ती लहान दिसू लागली, आणि दमलेली. टोकाला घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. ती सरांकडे टक लावून पाहत होती.

"हे तुम्ही आत सांगितलंत?" तिनं विचारलं. "सगळ्यांच्या समोर?"

"समोर म्हणजे काय, ओरडून सांगितलं. टेबलावर आपटलं पुस्तक."

"हसलात पण नाहीत?"

"हसू आलं नाही, तर कशाला हसू?"

मुलीनं सभागृहाच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग ती सतरंजीवरून सरकत सरांच्या अगदी जवळ आली, आणि त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून तिनं नीट तपासले. तळवे पाहिले, मनगटं पाहिली, बोटांची पेरं पाहिली.

"मग," तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुणी काहीच केलं नाही?"