कोपराची थाप

हिमप्रपातात गेलेल्या माणसाच्या कथेची फगराशच्या डोंगरांत मला तीन रूपे आढळली. एकात मृत माणूस कंदील दाखवून वाट देतो, दुसऱ्यात शीळ घालून प्रवाशांना मागे वळवतो. संग्राहकांना ही दोन प्रिय, कारण त्यांतला मृत क्षमाशील असतो. आज तुम्हाला सांगतो त्या तिसऱ्या रूपात तो क्षमा करत नाही, आणि मला तेच अधिक खरे वाटते. शिवाय ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडले तो इलारिए, डोंगरावरच्या निवाऱ्याचा रखवालदार, माझ्या ओळखीचा होता.

बोबोतेआझाच्या, म्हणजे पाणी मंतरण्याच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी वाटाड्या होरिया पाच पाहुण्यांना घेऊन निवाऱ्यावर आला. सकाळी तळ्यावरचा उतार ओलांडायचा होता. इलारिएने मक्याची गरम मामालिगा वाढली आणि विचारले, "बर्फ तपासलंस?"

"वारा पडलाय काका. बसलंय आता."

"वाऱ्यानं आणून टाकलेलं बर्फ दबा धरून असतं."

"झालं तुमचं सुरू. अगदी सांदूसारखं."

इलारिएने पळी खाली ठेवली. "त्याचं नाव घेऊ नकोस. निदान माझ्या चुलीपाशी तरी नको."

सांदू बचावपथकातला. मागच्या हिवाळ्यात त्याच उतारावर त्याने खड्डा खणून बर्फाचा उभा खांब सुटा केला, वर फावडे ठेवून थापा मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून, असा त्या मंडळींचा रिवाज. खांब जितक्या लवकर आडवा तुटून त्याचा वरचा भाग सरकेल तितका उतार घातकी. सांदूचा खांब कोपराच्या थापांवरच सरकला. होरियाने पाहुण्यांसमोर त्याला भागूबाई म्हटले आणि सगळ्यांना उतारावर नेले. त्यांना परत आणायला सांदू मागे धावला. पाहुणे पार झाले. सांदू गाडला गेला.

मध्यरात्रीनंतर दारावर थाप पडली. हलकी. पुन्हा हलकी. नुसत्या मनगटाची.

होरिया उठला. इलारिएने त्याचा दंड धरला. "ऐक."

थापा जड झाल्या. आता कोपरातून... सावकाश...

"काका... उघडू का?"

"तेव्हा त्याचं ऐकलं नाहीस. आता दार उघडतोस होय रे त्याला?"

एक थाप. आणखी एक...

मग काहीच नाही.

खांद्याची थाप आलीच नाही.

पहाटे होरियाने पाहुण्यांना उठवले. चेहरा संतापाने लाल. "मेल्यावरही मला अक्कल शिकवतोय," तो म्हणाला. "चला. उतारावरूनच जायचं." कडी काढून त्याने दार आत ओढले.

दाराचा वरचा अर्धा भाग सुटून त्याच्या छातीवर सरकला. खालचा चौकटीतच उभा राहिला. फळ्यांच्या लाकडाच्या रेषा उभ्या होत्या. तरी दार तुटले होते आडवे, सुरीने कापावे तसे सरळ. बाहेर, रात्री पडलेल्या बर्फावर, पाऊल एकही नव्हते.

पाचही पाहुणे आल्या वाटेने खाली उतरले. दाराचा तो अर्धा भाग छातीशी धरून होरिया तिथेच उभा होता.