शाईचा आठवा ठिपका

वाऱ्याने तिच्या हातातला कोरा कागद उडवला आणि धक्क्यावर इंजिन खोलून बसलेल्या एका माणसाने तो झेलला. झेलला खरा, पण कोपऱ्यावर अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा उमटला.

"अहो, नकाशा काढायचाय त्यावर," ती वैतागली.

"मग एक बेट माझ्याकडून," तो म्हणाला.

असा तो मिस्त्री. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा आणि, तिला तासाभराने कळलं, संग्रहालय सांभाळणाऱ्या मावशींचा सख्खा भाचा. दीडशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर एक मालवाहू जहाज फुटलं होतं. त्याच्याशी संबंध असलेली सात ठिकाणं पाहून तिला तीन दिवसांत संग्रहालयासाठी नकाशा काढायचा होता. वाट दाखवणारा तापाने पडला, म्हणून मावशींनी भाच्याला पिटाळलं.

नकाशाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ठिकाण आधी पेन्सिलीने, आणि दोन वेगवेगळे पुरावे मिळाले की मगच शाई. चुकीचा नकाशा आजवर तिच्या हातून गेला नव्हता.

"एकाच्या शब्दावर मी शाई लावत नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं.

"माझ्याही?"

"तुमच्या तर नाहीच."

दीपगृह झालं, जहाज आपटलं तो खडक झाला, वाचलेल्यांची होडी लागली ती पुळण झाली. वाऱ्यात कागद धरायला तो दर वेळी हात धुऊन यायचा. एकदा नव्हे, चारदा... साबणाचा वास यायचा. हा मावशींचं काम म्हणून इतकं करतोय की आणखी कशासाठी? तिला काही उमगेना. त्या नादात तिने उत्तरेचा बाण खाली काढला आणि तोही त्यानेच दाखवून दिला.

दुसऱ्या संध्याकाळी सातही ठिकाणं संपली.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "उद्या."

तिसऱ्या दिवशी त्याने तिला एका चिमुकल्या खाडीत नेलं. पाण्यावर वाकलेलं एक झाड होतं, बाकी काही नाही.

"जहाजावरचा स्वयंपाकी इथे पोहत आला. एका मुलीने त्याला प्यायला पाणी दिलं. तो परत गेलाच नाही."

"का?"

"तिने जा म्हटलंच नाही ना..."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने घाईघाईने कागदाकडे पाहिलं आणि ठिपका दिला.

संग्रहालयात मावशींनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. "हा आठवा कुठून आला गं?" तिने स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली. "पोहत कोण येणार? सगळे एकाच होडीतून उतरले. पाय ओले झाले असतील तेवढेच. चार दिवस घे, नवा काढून दे."

ती तडक धक्क्यावर गेली.

"खोटं बोललात."

"हो." त्याने पाना खाली ठेवला. "ठिकाणं संपली असती तर तुम्ही सकाळच्या गाडीने गेला असता. सुचला तो स्वयंपाकी आणला. म्हटलं, पेन्सिलच आहे, पुसाल. तुम्ही तर एकाच्या शब्दावर शाई..."

तो थांबला. तिचे कान तापले. खरंच, ठिपका शाईचा होता. पेन कधी हातात घेतलं, तिला आठवेना.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली, "आणि तरीही इथून जावंसं वाटत नाही. हे काय आहे, मला कळत नाही."

"मलाही तीन दिवस कळत नाहीये," तो हळूच म्हणाला. "नकाशाचं काय?"

"हा मी ठेवून घेणार. तुमच्या बेटासकट. मावशींसाठी नवा काढेन, त्यांनी चार दिवस दिलेत. सातही ठिकाणं पुन्हा पाहावी लागतील."

"पण मोजमापं तर तुमच्या वहीत आहेत की."

तिने वही पिशवीच्या अगदी तळाशी सारली आणि चेन ओढली.

"कुठली वही?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि हात धुवायला गेला.