सारजाआत्याचे मुके साहेब

"थांबा मामा, काही पुसू नका!" छकुली धावत आली आणि तिनं सरळ लॅपटॉपवर दोन्ही हात पसरले.

दिवाळीच्या पाडव्याची सकाळ होती. छकुलीच्या सणसर गावच्या घरात फराळाचा घमघमाट सुटला होता, पण सारजाआत्या मात्र तोंडात पाणीसुद्धा न घेता बसून होती. आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. पुण्याच्या एका संस्थेनं तिला हा जुना लॅपटॉप दिला होता, आणि त्यात पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. तो नाकातून इंग्रजी बोलायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘साहेब’. बारामतीत न दिसणाऱ्या मुलांसाठी संगणकाचा वर्ग निघायचा होता. भाऊबीज झाली की आत्यानं तिथल्या मंडळींना साहेबांकडून काम करून दाखवायचं होतं. जमलं तर वर्ग सुरू आणि शिकवायला आत्या. नाही जमलं तर वर्गच रद्द.

आणि नेमकं आजच साहेबांनी तोंड मिटलं होतं.

"व्हायरस हाय ह्यो," मानसिंगमामा म्हणाले. मामा म्हणजे छकुलीच्या आईचे, द्वारकाबाईंचे भाऊ. इंदापुरात त्यांचा संगणकाचा क्लास होता. भाऊबीजेला यायचे, ते फराळाच्या ओढीनं लक्ष्मीपूजनालाच येऊन ठेपले होते. "सगळं पुसून नवं भरतो. तासाभराचं काम."

"आणि साहेबांना परत भरायची फ्लॉपी?" छकुलीनं विचारलं.

"ती पुण्यात हाय," आत्या हळूच म्हणाली. "संस्था दिवाळीभर बंद."

म्हणजे पुसलं की साहेब गेलेच! छकुलीनं मोठ्या भावाकडं, यशराजकडं पाहिलं. यशराज अशा वेळी फार गरीब चेहरा करायचा.

"मामा, आईनं कडबोळी तळल्यात. गरम हायेत तोवर खाऊन घ्या की."

"कडबोळी? आधी न्हाय का सांगायचं?" मामा उठलेच.

मामांची पाठ वळताच मोरगावहून सुट्टीला आलेली चुलत बहीण राजनंदिनी म्हणाली, "आत्या, रोज काय करतेस ते सांग. अगदी पहिल्यापासून."

"ह्या लॅपटॉपमध्ये दोन घरं हायेत, असं समजा," आत्या म्हणाली. "पहिल्यात साहेब राहतात. दुसरं जुन्या मालकाचं, तितं कुणी बोलत न्हाय. चालू केलं की कुठल्या घरी जायचं ते दोन ओळींत विचारतं. खूण पहिल्या ओळीवरच असती. मी नुसतं एंटर दाबते."

यशराजनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. खूण पहिल्या ओळीवर होती, आणि कुणी हात लावला नसताना ती दुसरीवर उतरली.

"आपोआप खाली गेली!" राजनंदिनी म्हणाली. "आत्या एंटर दाबती आणि जाती मुक्या घरी. साहेब बिचारे शेजारी ठणठणीत हायेत."

"खालच्या बाणाचं बटण दाबल्याबिगर खूण खाली जायची न्हाय," आत्या म्हणाली. "कुणी दाबलं?"

"कुणीच न्हाय," यशराज म्हणाला.

छकुलीचं त्यांच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची एक रांग चढत होती. ती लॅपटॉपच्या कडेनं वर गेली आणि उजव्या कोपऱ्यातल्या बाणांच्या बटणांखाली गडप झाली. गोडधोडाच्या बाबतीत छकुलीचं आणि मुंग्यांचं चांगलं जमायचं.

"बत्तासे!" ती ओरडली. "लक्ष्मीपूजनाला आईनं शिलाई मशीन पुजलं, फवारणीचा पंप पुजला आणि हा लॅपटॉप उघडून ह्याच्यावर लाह्या-बत्तासे ठेवले. मी त्यातल्या एका बत्ताशावर डोळा ठेवून होते. तर मामा म्हणाले, यंत्राला धूळ लागती, आणि बत्तासे न काढताच धाडकन झाकण लावलं. आतून कर्र आवाज आलेला. मला तवाच वाईट वाटलं होतं."

आत्यानं लॅपटॉप बंद करायला लावला, वायर काढायला सांगितली आणि बाणांवरून बोटं फिरवली. "खालचा बाण दबलेला हाय. बाकीचे वर हायेत."

राजनंदिनीनं केसातली पिन काढली. यशराजनं बटण अलगद उचललं. खाली चिकट पांढरा चुरा आणि तीन मुंग्या! रंगाच्या कोरड्या ब्रशनं त्यानं सगळं झाडून काढलं आणि बटण परत बसवलं. ते टुणकन वर आलं.

आत्यानं लॅपटॉप चालू केला. तिनं एंटर दाबलं. कुरकुर आवाज झाला, आणि साहेब नाकातून इंग्रजी बोलू लागले. आत्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हसता हसता रडली.

हातात अर्धं कडबोळं घेऊन मामा दारात उभे होते. "व्हायरस गेला?"

"दादा, तुझा व्हायरस मुंग्यांनी खाल्ला," मागून द्वारकाबाई म्हणाल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि कान पकडले. "झाकण मीच लावलं. मी पुसलं असतं तर सारजाचं मोठं नुकसान झालं असतं. पोरं हुशार निघाली बघ." शेवटचं कडबोळं त्यांनी स्वतःहून छकुलीला दिलं, आणि मामांच्या हातून कडबोळं सुटणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

भाऊबीज झाल्यावर तिघं पोरं आत्याबरोबर बारामतीला गेली. तिथं आत्यानं एक इंग्रजी पत्र टाइप केलं, साहेबांकडून वाचून घेतलं, चूक सापडली ती दुरुस्तही केली. मुंग्यांची गोष्टही सांगितली. तेव्हा मंडळींतल्या एक वयस्कर बाई उठून म्हणाल्या, "सोमवारपासून वर्ग सुरू. आणि ह्या तिघांना आमच्यातर्फे शाबासकी."

तिथं कोपऱ्यात निमगाव केतकी गावची नकोशी बसली होती. छकुलीच्याच वयाची, तिलाही दिसत नव्हतं. आत्यानं तिला जवळ घेतलं आणि तिचं बोट एका बटणावर टेकवलं. नकोशीनं दाबलं. साहेबांनी अक्षर सांगितलं.

नकोशी दचकली. मग तिनं तेच बटण पुन्हा दाबलं. "बाई," ती म्हणाली, "हे माझं ऐकतंय."