पुढची सीट

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर धुकं इतकं दाट होतं, की तिकीट-खिडकीत बसलेल्या तिला आधी ऐकू आली ती शिट्टी... आणि मग दिसला तो. पर्यटकांना डोंगर फिरवणाऱ्या जीपवरचा नवा ड्रायव्हर.

"मॅडम, माणसं द्या की. नाहीतर धुकंच भरून नेतो."

ती हसली नाही. पण ती शिट्टी दिवसभर कानात घर करून राहिली.

कुणी कुठल्या जीपमध्ये बसायचं, हे ठरवायचं तिच्या हातात. मग काय! शिट्टीवाल्याच्या वाट्याला आजी-आजोबा, नाहीतर पहिल्याच वळणाला ओकणारी पोरं. तरण्याताठ्या मुली दिसल्या, की तिचं बोट आपसूक दुसऱ्या जीपकडे वळे.

आणि एक दिवस ती कॅमेरावाली उगवली.

"मला ते शिट्टी वाजवतात ना, त्यांचीच जीप हवी. पुढची सीट."

"भरली."

"रिकामी तर दिसतेय!"

"दिसते. पण भरलीय."

कॅमेरावाली हटली नाही. समोरच्या बाकावर ठिय्या देऊन बसली. शिट्टीवाला तिच्या कॅमेऱ्यात डोकावून हसला मात्र, आणि इकडे तिकीट फाटलं ते पार तिरकं!

थोड्या वेळाने तोच खिडकीशी आला.

"महिनाभर माझी जीप म्हणजे फिरता वृद्धाश्रम झालाय. काय वैर आहे माझ्याशी?"

"वैर कसलं? तुम्ही सावकाश चालवता, म्हणून..."

"मी? सावकाश?"

"मग जा ना! ती थांबलीय. बसवा पुढे. ढग दाखवा, दऱ्या दाखवा..." तिचा आवाज चिरकला.

तो बघतच राहिला. "अच्छा... म्हणजे वैर नाही तर."

"पुढचे या!" ती ओरडली.

"मागे कुणी नाहीये." तो खिडकीवर वाकला. "रोज सगळ्यांना वर पाठवतेस. तू कधी गेलीस?"

तू? तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाही... कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय. शेवटची फेरी. येतेस?"

संध्याकाळी खिडकी बंद करून ती जीपमध्ये चढली. त्याने तिच्या हातात कागदी पिशवी ठेवली.

"हे काय?"

"तू पाठवलेल्या पोरांनी लावलेली सवय. वळणं फार आहेत गं."

ती खळखळून हसते न हसते, तोच दाराशी कॅमेरा लटकला. "आता तरी जागा आहे का?"

"आहे ना! मागे बसा हं, ताई," ती साखरेसारखं गोड बोलली. "पुढची सीट भरलीय."

शेजारून शिट्टी सुरू झाली.