एरंडेलाचे दोन चमचे

बसा आक्का, त्या स्टुलावर बसा. तुमच्या स्कूटीचं चाक उतरवलंय, अर्धा तास तरी कुठं जात नाही तुम्ही. तोवर एक गोष्ट सांगतो. प्रेमाची आहे. लाजण्यासारखं तीत काही नाही, जुलाब मात्र भरपूर आहेत.

जवळच्याच साक्कोट्टैचा विजयराघव म्हणून एक पोरगा आहे. लॅबमध्ये कामाला. घरोघरी जाऊन रक्त घेतो, गाडीच्या मागं बर्फाचा डबा. वय एकतीस, बोलणं कमी. आपल्यातलाच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातला. पण बाहेर पडलं की आपण अस्की, सगळीच्या सगळी, तमिळच बोलतो, मग कोण कुणाचं ते कळणार कसं?

मागं एका सकाळी त्याला मेलकावेरीतला पत्ता मिळाला. दोन पोरं, ताप. दार उघडलं ते लावण्यानं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात उलटीचं पातेलं.

"लॅबमधून आलोय," हा तमिळमध्ये म्हणाला.

"चप्पल बाहेर. आधी हात धुवा, मग पोरांना हात लावा," तीही तमिळमध्येच.

अशी ओळख झाली बघा.

आता पोरांचं सांगतो. लावण्याची थोरली बहीण दिव्यश्री, नऊ वर्षं कॅनडात. नवरा-बायकोनं ठरवलं, पुरे झालं, इथं कुंभकोणमला परत यायचं. तिकडचं आवरायला दोन महिने लागणार, आणि इकडं शाळा उघडणार. म्हणून लावण्या स्वतः जाऊन पोरांना घेऊन आली. सात वर्षांची कीर्ति आणि चार वर्षांचा बाला. बावीस तास विमानात, वर चेन्नैहून सहा तास गाडीत. नवा देश पोरांनी बघितला तो गादीवर आडवं पडून. अंगात ताप, पोट बिघडलेलं, दुपारी उठवलं तरी उठत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विमानातून काहीतरी लागून आलंय, झोपेची घडीही मोडलीय, उतरेल. तरी डेंगी नाही ना तेवढं रोज रक्त तपासून बघून घेऊ.

पण दिव्यश्रीनं फोनवर बजावलं होतं, "आठ दिवसांत पोरं उठली नाहीत तर मी येऊन घेऊन जाते. मग परत यायचं नाव काढू नका." लावण्याचे अप्पा शंकरनारायण आणि आई नागलक्ष्मी, दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षांनी लेक परत येणार, आणि ती आता दोन पोरांच्या पोटावर अडकलेली!

तर विजयराघव बालाचा हात धरून शीर शोधतोय. तेवढ्यात लावण्या आईकडं वळून आपल्या भाषेत म्हणाली, "अगं आई, ह्याला सुई टोचायला पाठवलाय का सिनेमात उभा करायला? पापण्या बघ की त्याच्या!"

नागलक्ष्मी म्हणाली, "पापण्या असू देत. नाक वांग्यासारखं आहे."

याच्या हातात सुई. हात हलला नाही, पण कान तापले. यानं खाली बघून सुई टोचली. सांगणार तरी काय? की बाई, मला कळतं, आणि माझं नाक वांगं नाही?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. त्या घरात बोलणं कसं, तर पावसाळ्यातल्या गटारासारखं, थांबायचं नाव नाही. अप्पा पंख्यावरून आईशी भांडतायत, आई भातावरून लावण्याशी, लावण्या फोनवर बहिणीशी. हा कोपऱ्यात बसून नळ्यांवर नावं लिहितोय. त्याच्यापुढं काहीही बोलायचं, त्याला कुठं कळतंय!

लावण्या त्याच्याशी मात्र तमिळमध्ये गोड बोलायची. तिसऱ्या दिवशी तिनं ताक आणून ठेवलं.

"तुम्ही नेहमी इतके गप्प असता?"

"सुई टोचणाऱ्यानं बोललेलं कुणाला आवडतं?"

"मला आवडेल." म्हणाली आणि एकदम आत गेली. ताकात मीठ घालायचं विसरली होती. यानं तसंच पिऊन टाकलं, सगळं.

ताप उतरला. डेंगी नाही, टायफॉइड नाही. पण जुलाब थांबेनात, उलट वाढले. पाचव्या दिवशी पोरांचे डोळे खोल गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्यापर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवून सलाइन लावू. दिव्यश्रीनं तिकीट बघायला घेतलं.

त्या दुपारी विजयराघव क्षार तपासायचं रक्त घ्यायला येऊन आत बसला होता. लावण्या वर गच्चीत दुपटी वाळत घालत होती. नागलक्ष्मी फोनवर, तिरुवलंचुळीच्या बहिणीशी. "रोज सकाळी एक-एक चमचा एरंडेल देतेय गं. पोट धुऊन निघाल्याशिवाय विमानातली घाण जायची नाही. लावण्याला कळू देऊ नको, तिनं घरचं औषध बंद केलंय."

ती आत गेली. दहा मिनिटांनी अप्पा आले, शर्टाखाली बाटली. "कीर्ति, इकडं ये राणी. रोजचा एक चमचा. आज्जीला सांगू नको, ती ओरडेल. बाला, तू पण."

एरंडेलाचाच वास! विजयराघवनं अप्पांचा चमच्याचा हात धरला. "सार, नको. जुलाबात हे देऊ नये," तमिळमध्ये म्हणाला.

अप्पांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही रक्त घ्या. माझी नातवंडं मी बघतो."

आक्का, म्हणजे बघा. आज्जी सकाळी देते, आजोबा दुपारी. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही, दोघांचं लावण्याला नाही. दोन्ही चमचे ठाऊक असलेला माणूस जगात एकच, आणि तो बहिरा असल्यासारखा कोपऱ्यात.

तो धावत गच्चीवर गेला. "पोरांना घरी कुणी काही देतंय का?"

"छे! मी सक्त मनाई केलीय." तिच्या तोंडात चिमटे होते. डोळ्यांखाली काळं आलेलं. "का? रिपोर्टमध्ये काही आहे?"

आता गप्प राहिलं तर पोरं दवाखान्यात. बोललं तर पाच दिवसांचं अस्कं उघडं पडणार. यानं एक श्वास घेतला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "तुमच्या आई सकाळी एरंडेल देतात. अप्पा दुपारी देतात. मी ऐकलं. आधी ते बंद करा."

चिमटे खाली पडले. ती बघतच राहिली... पापण्यांकडं, नाकाकडं. मग जिना उतरत पळाली. खाली जे झालं ते गल्लीनं ऐकलं. दोन बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या. अप्पा आईला म्हणतायत, "तू देत होतीस?" आई म्हणतेय, "म्हणजे तुम्ही पण?"

हा पिशवी घेऊन दाराशी आला. लावण्या आली, तोंड लाल. "पाच दिवस बसून ऐकलंत! माणूस आहात की कोण?" आणि दार लावलं.

पोरं त्यानंतर तिसऱ्या दिवशी इडली मागायला लागली. दिव्यश्रीनं तिकीट घेतलं ते सगळ्यांचं, इकडं राहायला यायचं. विजयराघव मात्र माझ्याकडं गाडी घेऊन यायचा, गाडीला काही झालेलं नसायचं. इथंच बसायचा, तुमच्या स्टुलावर.

आठवड्यानं लॅबमध्ये फोन आला. मेलकावेरी, पेशंट लावण्या. आणि माणूस तोच पाठवा.

गेला. ती खुर्चीत हात पुढं करून बसलेली. यानं दंडाला रबरी पट्टा बांधला. शीर लगेच सापडली, उडत होती.

"काय तपासायचं?" तमिळमध्ये विचारलं यानं.

"नीट बोला. आता कळतं ना मला, तुम्हाला कळतं ते." ती आपल्या भाषेत म्हणाली. "अजून काय काय ऐकलंत?"

"वांगं."

तिनं दुसऱ्या हातानं तोंड झाकलं. "ते आईचं! माझं पापण्यांचं होतं."

"तेही ऐकलं."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"हातात सुई होती."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "खरं सांगा. दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं होतं. का नाही सांगितलं?"

यानं पट्टा सोडला. सुई पिशवीतून बाहेर काढलीच नव्हती. खाली बघत म्हणाला, "माझी आई गेली त्याला तीन वर्षं झाली. भाऊ आहे, पण वहिनी तमिळ, घरात आता तमिळच. तीन वर्षांनी एका घरात कुणीतरी आपल्या भाषेत भातावरून भांडताना ऐकलं. सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यापुढं जपून बोलला असता... दुसऱ्या दिवसापासून लॅबनं हा भाग दुसऱ्याला दिला होता. मी मागून घेतला."

"भांडण ऐकायला?"

"आधी भांडण. मग... तुम्हाला."

आतून अप्पा ओरडले, "लावण्या, पंखा कुणी बंद केला?" ती उठली नाही. त्याचा हात तसाच तिच्या मनगटावर, आणि तिनं काढून घेतला नाही.

"जन्मभर ऐकावं लागेल हे," ती म्हणाली. "चालेल?"

"चालेल."

"मग रीतीनं या. आपल्यात मुलगी विचारायला गडी एकटा येत नाही. घरची सवाष्ण पुढं लागते, आपल्या भाषेत बोलणारी. तुमच्याकडून कोण येणार?"

यानं मनातल्या मनात घरची माणसं मोजली. कोण येणार? आई नाही. वहिनी चांगली आहे, पण तिला ही भाषा येत नाही. आणि शंकरनारायण अजून एरंडेलाच्या बाटलीवरून फुगून बसलाय. त्याच्यापुढं चार शब्द गोड बोलून, वेळ पडली तर त्याला दटावणारी बाई हवी.

मी सडाफटिंग माणूस, हाताला ग्रीस. माझा काय उपयोग?

चाक बसलं बघा तुमचं. पैसे राहू द्या. येत्या शुक्रवारी सकाळी फुलं, पानसुपारी मी आणून देतो... आक्का, तुम्ही सवाष्ण, आपल्यातल्या... विजयराघवची थोरली बहीण म्हणून त्या घरी जाता का?