आत्याची पाठ

"जिनं माझ्या सुशांतला बेड्या घालायला लावल्या, तिचे ओठ माझ्या नातवाच्या कानाला लागता कामा नयेत!"

बाळाच्या आजोळच्या आजीचा, शोभनाबाईंचा, आवाज असा काही चढला की पाळण्याभोवती जमलेल्या बायका हातातली फुलं हातात धरूनच थिजल्या. अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या त्या ऐसपैस घराच्या दारात रेणू उभी होती... अंगावर तिच्या दिवंगत आईची जांभळी पैठणी, हातात बाळासाठी स्वतः शिवलेली कुंची, आणि पैठणीच्या जरीकाठाखाली, देवा रे, कामावरचे काळे बूट! पहाटेपासून ती फिनिक्सच्या पार दुसऱ्या टोकाला कुणा फरारी माणसाच्या बहिणीच्या घरासमोर गाडीत बसून होती. ड्यूटी संपल्यावर ऑफिसच्या बाथरूममध्ये कशीबशी साडी नेसली आणि चपला मात्र घरीच राहिल्या. बारशाचं बोलावणं तिला कुणी केलंच नव्हतं. पण बोलावलं नाही म्हणून रुसून घरी बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"मावशी, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "भाचा माझा आहे. त्याला आत्या एकच आहे. नाव मी ठेवणार."

"नाव शेजारच्या नीलांबरीताई ठेवतील," तिचा भाऊ सिद्धेश तिच्याकडे न बघता म्हणाला. "रेणू, प्लीज. सीन क्रिएट करू नकोस यार."

सीन! आई गेली तेव्हा ज्याला तिनं कुशीत घेऊन थोपटलं होतं, त्या सख्ख्या भावाच्या तोंडचा तो शब्द तिच्या काळजात खोल रुतला... पण डोळ्यांत पाणी येऊ देईल ती रेणू कसली!

इथल्या मराठी मंडळात कुणाची मुलगी डॉक्टर, कुणाची सॉफ्टवेअरमध्ये. रेणूच्या वडिलांची, चंद्रशेखररावांची, मुलगी तेवढी डेप्युटी मार्शल, म्हणजे कोर्टाच्या हातावर तुरी देऊन पळालेल्यांना हुडकून आणणारी. "ती गव्हर्नमेंटमध्ये असते," एवढं पुटपुटून चंद्रशेखरराव बटाटेवड्यांकडे वळत. आजही ते कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटतं, पळालेल्याच्या मागे धावावं लागतं. रेणू पहिल्याच वर्षी शिकली की धावायचं नसतं, थांबायचं असतं... त्याच्या आईच्या दारासमोर, बहिणीच्या दारासमोर. माणूस नाव बदलतो, दाढी वाढवतो, गाव सोडतो. पण माया काही त्याला सुटत नाही, आणि एक दिवस तो येतोच.

तसाच सुशांत आला होता. सुशांत म्हणजे रेणूच्या वहिनीचा, आसावरीचा, धाकटा भाऊ. पुण्याहून आलेला हुशार इंजिनिअर. पण एका पार्टीनंतर पिऊन गाडी चालवली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका माळ्याला उडवलं. तो बिचारा जन्माचा अधू झाला. जामिनावर सुटलेला सुशांत कोर्टाच्या तारखेला गायब झाला, तो कित्येक महिने सापडलाच नाही. आणि गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला, बहिणीनं लावलेलं कुंकू अजून ओलं असताना, याच घराच्या ड्राइव्हवेवर त्याला धरलं. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं... त्याच्या दिशेनं धावत गेली होती रेणू!

मग काय, निवाडा व्हायला कितीसा वेळ लागणार? अमेरिकन ऑफिसरांना भाऊबीज कुठून ठाऊक असणार? हिनंच सांगितलं! नणंदेनं वहिनीच्या ओवाळणीचा सापळा केला! त्याच संध्याकाळी रेणू ताम्हन घेऊन सिद्धेशसमोर उभी राहिली, तर तो म्हणाला, "तू मला ओवाळू नकोस." यंदाची राखी त्यानं पाकीट न फोडता परत पाठवली. एक वाक्य बोलली असती तर तिच्यावरचा सगळा कलंक धुऊन गेला असता. पण ते वाक्य बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाचा होता, आणि तिनं शब्द दिला होता.

"गप्प का?" शोभनाबाई पुढे आल्या. "मी पुण्याहून आले ती लेकीच्या बाळंतपणाला, पण आधी तुरुंगात लेकाला भेटून आले. भाऊबीज काय असते ते तुला माहीत होतं, म्हणून तू डाव साधलास. नाही म्हण ना! एकदा तरी नाही म्हण!"

"त्याला पकडलं ते बरोबरच झालं, मावशी."

बायकांमध्ये कुजबूज उठली. रेणूची मान तसूभरही झुकली नाही.

"उद्या परत तशी वेळ आली तर मी परत तेच करीन. त्या माळ्यालाही आई आहे. एवढ्या मोठ्या मुलाला ती हातानं भरवते, मी पाहिलंय. तुम्ही माझ्यावर रागवा, मला शिव्या द्या, पण माझ्या कामाची लाज मी वाटून घेणार नाही. बाबांसाठी नाही, सिद्धेशसाठी नाही, तुमच्यासाठीही नाही. आणि आत्या असणं ही काही मला कुणी दिलेली परमिशन नाही. ते माझं आहे."

"बस झालं!" सिद्धेशनं तिचा दंड धरला. "बाहेर चल. आत्ताच्या आत्ता."

"हात सोड तिचा!"

पाळण्यापाशी बाळाला छातीशी धरून आसावरी उभी राहिली होती. बाळंतपणानं आधीच फिकटलेला तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, नको," रेणू घाईनं म्हणाली. "आज नको..."

"आजच. याचं नाव खोट्यावर नाही ठेवायचं मला." आसावरीनं आईकडे पाहिलं. "आई, फोन मी केला होता."

शोभनाबाई तिच्याकडे वळल्या. "कसला फोन?"

"सुशांत अर्धा तास येणार होता. ओवाळून झालं की सिद्धेश त्याला नोगालेसला नेऊन मेक्सिकोच्या बॉर्डरपार सोडणार होता. गाडीत पेट्रोलसुद्धा भरून ठेवलं होतं. नेऊ नकोस म्हणून मी पाया पडले याच्या! हा म्हणाला, तुझा भाऊ तो माझा भाऊ. आई, भाऊ तर गुन्हेगार झालाच होता गं... त्या दिवशी नवराही झाला असता. मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि रेणूला सांगितलं, त्याला इथून हलू देऊ नकोस."

शोभनाबाईंनी आधाराला पाळण्याची साखळी धरली, ती करकरली.

"आई, रेणू काय म्हणाली माहितेय? म्हणाली, वहिनी, तू मन भरून ओवाळ. तुझं होईपर्यंत कुणी उंबरठा ओलांडणार नाही. नात्यातली म्हणून हिला त्या कामातून बाजूला ठेवलं होतं. मराठी समजणारं कुणीतरी हवं म्हणून नुसतं गाडीत बसू दिलं, दार उघडायचं नाही म्हणून बजावून. आणि बाहेर... बाहेर सुशांतनं घाबरून खिशात हात घातला. चौघा ऑफिसरांनी बंदुका रोखल्या. त्या खिशात काहीतरी चकाकत होतं. ही गाडीतून उडी टाकून मध्ये जाऊन उभी राहिली, आई! बंदुकांच्या आणि त्याच्या मध्ये! ओरडत होती, 'सुशांत, हात रिकामा काढ! रिकामा!'" आसावरीला हुंदका आवरेना. "मी दिलेली करंजी होती गं ती... फॉइलमध्ये गुंडाळलेली. पळताना पडू नये म्हणून धरायला गेला होता वेडा."

शोभनाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "आणि वर्षभर... वर्षभर तू मला हिला शिव्या घालू दिल्यास?"

"मी भ्याले. तू मला मुलगी म्हणणार नाहीस म्हणून भ्याले. ही म्हणाली, माझ्यावर राहू दे. मावशींचा मुलगा आत गेलाय, मुलगीही गेली असं त्यांना नको वाटायला. माझी पाठ मजबूत आहे."

सिद्धेशचा हात केव्हाच गळून पडला होता. "रेणू... मी त्याला ड्राइव्ह करणार होतो, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी तुझी राखी रिटर्न केली!"

"केलीस. तीच पुन्हा पाठवीन, या वेळी दोन स्टॅम्प लावून," ती म्हणाली; पण एवढं बोलताना मात्र तिचा आवाज फाटला, आणि इतके महिने अडवून धरलेलं पाणी गालांवरून वाहू लागलं. कोपऱ्यातले चंद्रशेखरराव खुर्चीतून उठले, पोरीजवळ आले, आणि नीलांबरीताईंच्या यजमानांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी मुलगी. मार्शल आहे."

आसावरीनं रेणूला पाळण्यापाशी बसवलं आणि बाळ तिच्या ओटीत ठेवलं. रेणूनं त्याच्या इवल्या डोक्यावर कुंची चढवली, तिचे बंद बांधले.

"नाव काय ठरलंय? मला कुणी सांगितलंच नाही."

"आर्य," आसावरी कुजबुजली.

रेणू वाकली. दुधाचा, तेलाचा वास येणाऱ्या त्या चिमुकल्या कानाशी तिनं ओठ नेले. "कुर्रर्र..." आत्या नाव घेते तेव्हा तिच्या पाठीत बुक्के घालायला बायकांची नुसती झुंबड उडते, पण आज उठलेले हात हवेतच राहिले. सगळ्यांच्या नजरा शोभनाबाईंकडे लागल्या होत्या.

त्या उठल्या. धप्पकन त्यांचा बुक्का रेणूच्या पाठीत बसला. तो काही गमतीचा बुक्का नव्हता. तुरुंगाच्या काचेआडच्या लेकाचं सगळं दुःख त्यात होतं. रेणू हलली नाही. दुसरा बसला, तो पहिल्याएवढा लागला नाही. तिसऱ्याला त्यांची मूठच उघडली, आणि तो हात पैठणीवर टेकला तो टेकलाच... हलकेच फिरत.

"पोरी," त्यांच्या तोंडून कसंबसं उमटलं, "लागलं का गं?"

"लागलं," रेणू बाळाच्या कानापासून मान न उचलता म्हणाली. "हात काढू नका, मावशी."